मोटर बंदच होईना? बोअरमधून वर काढण्याआधी हे तपासा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास लाईट आली. घराच्या बोअरची मोटर चालू केली आणि टाकीत फ्लोट आहेच म्हणून निवांत झोपलो. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायची, तीन वर्षं तेच चाललं होतं. पहाटे चारला आई उठली तर गोठ्यात घोटाभर पाणी आणि म्हशी चिखलात उभ्या. स्लॅबवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाईपातून बारीक धार अजून चालूच होती आणि मध्येच फसफस करत हवा येत होती.

लाल बटण दाबलं, मोटर गपकन थांबली. सकाळी परत चालू केली तर पाणी थुंकत थुंकत यायला लागलं. मिस्त्री आले, म्हणाले मोटर गेली असणार, वर काढावी लागेल. १२ पाईप म्हणजे २४० फूट. चार माणसं लावून मोटर वर काढली, पाण्याच्या टिपात बुडवून चालवली, तर ठणठणीत! काढायचे आणि सोडायचे मिळून ३ हजार रुपये गेले. खरा दोष सापडला टाकीत. फ्लोटच्या वायरवरचं वजन सरकलं होतं, ते जागेवर बसवायला पाच मिनिटं लागली. मोटर पाणी थुंकत होती ती रात्रभर बोअर उपसला म्हणून. दुसऱ्या दिवशी पाणी आपलं आपण परत आलं.

तेव्हापासून वस्तीवर कुणाचीही मोटर बंद होईना म्हटलं की आधी एकच सांगतो. मोटर ही हुकमाची ताबेदार आहे. करंट मिळाला की फिरते, करंट तुटला की थांबते. ती स्वतःहून चालत राहू शकत नाही. म्हणून मोटर बंद होत नसेल तर दोष मोटरमध्ये जवळजवळ कधीच नसतो. तो टाकीत, वायरीत, स्टार्टरमध्ये नाहीतर पाण्याच्या लाईनीत असतो, आणि हे सगळं जमिनीच्या वर बघता येतं.

सगळ्यात आधी मेन पाडा

मोटर बंद होत नाही हे लक्षात आलं की बटणांशी खेळत बसू नका. मेन स्विच किंवा एमसीबी खाली पाडा. हात कोरडे पाहिजेत, पायात रबरी चप्पल पाहिजे. ओल्या जमिनीवर उभं राहून पेटीला हात लावायचा नाही. पाणी वाहून पेटीच्या खाली चिखल झाला असेल तर कोरडी फळी टाका आणि मग पुढे व्हा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मोटर थांबली म्हणजे करंट गेला असं नाही. बऱ्याच घरात एकेरी स्विच असतो आणि तो चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. मोटर थांबते, पण फेज तसाच खाली मोटरीपर्यंत जिवंत राहतो. टेस्टरने तपासल्याशिवाय वायरीला हात नको. सिंगल फेज मोटरीला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी बसवून घेतलेला बरा.

आता दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: टाकी भरून वाहतेय, की टाकी भरतच नाही?
दुसरा प्रश्न: लाल बटण दाबल्यावर मोटर थांबते का?

या दोन उत्तरांवरून दोष कुठं आहे ते कळतं.

टाकी भरून वाहतेय आणि लाल बटणाने मोटर थांबते, म्हणजे स्टार्टर चांगला आहे. टाकी भरल्याचा निरोप खाली पोहोचत नाही.
लाल बटण दाबूनही मोटर चालूच राहते, म्हणजे निरोप पोहोचतो, पण स्टार्टर ऐकत नाही.
टाकी भरतच नाही, म्हणजे फ्लोट आणि स्टार्टर बिचारे वाट बघतायत. दोष पाण्यात आहे.
मोटर थांबते, पण थोड्या वेळाने आपोआप परत चालू होते, म्हणजे दुसरं कुणीतरी तिला हुकूम देतंय.

आता एकेक बघू.

टाकी वाहतेय, पण मोटरला निरोप नाही

मेन पाडून टाकीवर चढा आणि झाकण उघडून बघा. फ्लोट म्हणजे वायरला लटकलेला प्लॅस्टिकचा काळा किंवा रंगीत डबा. पाणी वर आलं की तो उलटतो आणि आतला स्विच करंट तोडतो. तो पाईपात, शिडीत किंवा स्वतःच्याच वायरीत अडकला तर उलटत नाही. वायरवर एक वजन असतं, त्याच्या जागेवरून फ्लोट किती पाण्यावर उलटणार ते ठरतं. माझं हेच वजन जागेवरून सरकलं होतं, त्यामुळे वायर जास्त सैल सुटली आणि फ्लोट उलटायच्या आधीच पाणी ओव्हरफ्लोच्या भोकातून बाहेर पडायला लागलं. अशा वेळी फ्लोट चांगला असूनही मोटर जन्मात बंद होणार नाही. फ्लोट ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा चार बोटं तरी खाली उलटला पाहिजे.

फ्लोट हलवून बघा. आत पाणी गेलेलं असेल तर तो जड लागतो आणि बुडतो. तो दुरुस्त होत नाही, नवीनच टाकायचा. टाकी धुतल्यावर किंवा नवीन फ्लोट टाकल्यावर दोष सुरू झाला असेल तर वायरी उलट जोडल्या असणार. तीन वायरीच्या फ्लोटमध्ये दोनच वायरी लागतात. चुकीची जोडी धरली की टाकी भरल्यावर मोटर चालू आणि रिकामी झाल्यावर बंद, असा उलटा कारभार होतो.

सेन्सरवाला कंट्रोलर असेल तर टाकीत स्टीलच्या कांड्या किंवा वायरीची उघडी टोकं सोडलेली असतात. पाणी टोकाला लागलं की बारीक करंट वाहतो आणि कंट्रोलरला कळतं की टाकी भरली. आपल्याकडच्या जड पाण्यात या कांड्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो. मग पाणी लागूनही करंट वाहत नाही. वायर उंदराने कुरतडली किंवा वानरांनी ओढून तोडली तरी तेच. कंट्रोलरला वाटतं टाकी रिकामी आहे आणि तो मोटर चालूच ठेवतो. मेन बंद करून कांड्या काढा, लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासा, धुऊन परत लावा. दर दोन महिन्यांनी हे केलं तर हा त्रास होत नाही.

आता एक गैरसमज. टाकीत तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा गोळा लावलेला बॉल कॉक असतो, आणि लोक म्हणतात आमच्याकडे ऑटो आहे. बॉल कॉक फक्त पाणी बंद करतो, मोटर बंद करत नाही. पाण्याला वाट नाही आणि मोटर खाली फिरतच राहते. पंपातलं पाणी तापतं, पाईपाचे जोड सुटतात, कधी पाईप फुटतो. मोटरच्या लाईनीवर बॉल कॉक लावायचाच असेल तर सोबत मोटर तोडणारा फ्लोट किंवा सेन्सर पाहिजेच.

आणि जिवाची गोष्ट. साध्या फ्लोटच्या वायरीत २३० व्होल्ट असतात आणि ती वायर पिण्याच्या पाण्यात लोंबकळत असते. उन्हाने वायरीचं कव्हर तडकलं तर टाकीतल्या पाण्यात करंट उतरू शकतो. मेन चालू असताना टाकीत हात घालायचा नाही. फ्लोट चालतो का हे बघायचं असेल तर कोरड्या लाकडी काठीने उचला आणि खालच्या माणसाला फोनवर विचारा, मोटर थांबली का. नवीन बसवत असाल तर १२ व्होल्टवर चालणारा सेन्सर कंट्रोलर घ्या.

लाल बटण दाबलं तरी ऐकेना

इथे भानगड स्टार्टरमध्ये असते. स्टार्टरच्या आत कॉन्टॅक्टर असतो. कॉईलमध्ये करंट गेला की लोहचुंबक पॉइंट ओढून धरतो आणि मोटर चालते. कॉईलचा करंट तुटला की स्प्रिंग पॉइंट सोडते आणि टक्क असा आवाज येतो. या टक्कवरूनच दोष ओळखता येतो, पेटी उघडायचीही गरज नाही.

लाल बटण दाबा. टक्क आवाज नाही आला तर मेन पाडा. मेन पाडल्यावर टक्क आवाज आला, तर कॉन्टॅक्टर चांगला आहे. लाल बटण आतून खराब झालंय किंवा त्याची वायर चुकलीय. मेन पाडूनही टक्क आवाज आलाच नाही, तर पॉइंट एकमेकांना चिकटलेत. मेन परत चढवला आणि हिरवं बटण न दाबताच मोटर फिरायला लागली, ऑटोही बंद आहे, तर खात्रीच झाली. लगेच मेन पाडा आणि वायरमनला बोलवा.

पॉइंट का चिकटतात? मुख्य कारण कमी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. कॉईलला पॉइंट घट्ट धरून ठेवता येत नाही, स्टार्टर टरटर वाजतो, प्रत्येक टरटरीला ठिणगी पडते, पॉइंट वितळतात आणि जोडले जातात. स्टार्टर टरटर वाजत असेल तर त्याच क्षणी मोटर बंद करा. दुसरं कारण धूळ, मुंग्या आणि पाली. पेटीची भोकं उघडी असली की पाल आत जाऊन बसते आणि पॉइंटमध्ये मरते.

तिसरं कारण आपलीच सवय. पॉइंट काळे पडले की आपण कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन घासतो. पॉइंटवर चांदीच्या मिश्र धातूचा थर असतो. तो घासून गेला की पॉइंट आणखी लवकर चिकटतात. घासू नका, पूर्ण सेट बदला. एकच पॉइंट बदलला तर तिन्ही सारखे बसत नाहीत.

आणि कॉईल जळाली म्हणून कॉन्टॅक्टरला लाकडाची पाचर ठोकून किंवा दोरीने बांधून मोटर चालवतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पाचर असली की लाल बटण कामाचं नाही, ओव्हरलोड रिलेही कामाचा नाही, कारण रिले कॉईलच तोडतो. मोटर जाम झाली, फेज गेला, बोअर कोरडा पडला, काहीही झालं तरी मोटर जळेपर्यंत चालणार. पॉइंट चिकटल्यावरही हेच होतं. त्यात तीनपैकी दोन पॉइंट चिकटले आणि तिसरा सुटला तर थ्री फेज मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि थोड्या वेळात वाईंडिंग जातं.

घरच्या सिंगल फेज पॅनलमध्ये किंवा पाण्याच्या कंट्रोलरमध्ये कॉन्टॅक्टरऐवजी छोटा रिले असतो. मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो धक्का रोज खाऊन छोट्या रिलेचे पॉइंट चिकटतात. कंट्रोलरचा दिवा टाकी भरली म्हणून दाखवतो, पण मोटर चालूच. असं असेल तर नुसता कंट्रोलर बदलून भागणार नाही. कंट्रोलर आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर टाकून घ्या.

टाकी भरतच नाही

मोटर तीन तास चालू आहे, टाकी अर्ध्यावर. फ्लोट वर येणारच नाही, मग मोटर बंद कशी होणार?

आधी घराकडचा कॉक बंद करा. टाकीतून खाली येणारी लाईन बंद केल्यावर टाकी भरली, तर पाणी घरातच कुठेतरी जातंय. संडासाची फ्लशची टाकी, जनावरांच्या हौदाचा बिघडलेला बॉल कॉक, अंगणातला टपकणारा नळ हे बघा.

तरीही भरत नसेल तर बादली घ्या. टाकीत पडणारी धार १५ लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाईलवर वेळ मोजा. २० सेकंदात बादली भरली तर मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे १००० लिटरची टाकी साधारण २२ मिनिटांत भरायला हवी. बादलीला ४० सेकंद लागायला लागले की समजा पाणी निम्म्यावर आलं. पाणी निम्म्यावर का आलं, याची कारणं:

बोअरचं पाणी खाली गेलं. धारेत हवा येते, पाणी थुंकतं. आपल्याकडच्या काळ्या दगडात पाणी भेगांमधून हळूहळू झिरपतं. मोटर बंद ठेवून बोअरला वेळ द्या, मग पुन्हा मोजा.

बोअरमधल्या पाईपाला भोक पडलं. मोटर चालू असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला तर पाईप फुटलाय किंवा जोड सुटलाय. मोटर वर काढायची वेळ खरी तर इथे येते.

विहिरीवर मोटर बाहेर बसवलेली असेल तर फुटवॉल बघा. त्याच्या जाळीत पालापाचोळा बसला की पाणी कमी, आणि वॉशर गेला की मोटर बंद केल्यावर पाईपातलं पाणी विहिरीत उतरतं. दर वेळी पाणी भरून मोटर चालू करावी लागत असेल तर दोष तिथेच.

थ्री फेज मोटर उलटी फिरतेय. डीपीवर काम झालं, वायर तुटून परत जोडली आणि त्यानंतर पाणी कमी झालं, तर फेज बदललेत. मोटर चालते, आवाजही करते, पण पाणी थोडंच देते. मेन पाडून तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल वायरमनकडून करून घ्या. या एवढ्याशा कारणासाठी मोटर वर काढलेली मी बघितली आहे.

व्होल्टेज कमी. मोटर हळू फिरते, पाणी कमी देते आणि तापते. पॅनलवरचा मीटर बघायची सवय लावा.

बंद होते आणि आपोआप परत चालू होते

पेटीतला ऑटो स्विच चालू असेल तर लाईट गेली आणि परत आली की मोटर स्वतः सुरू होते. रात्री तीनला लाईट आली तर तीनलाच. शेतीच्या मोटरींना तर ऑटो नकोच. लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो. ऑटो काढा आणि मोटरला कपॅसिटर बसवा, असं महावितरणही सांगतं.

मोबाईल स्टार्टर असेल तर आधी सिमचा रिचार्ज बघा. रिचार्ज संपला किंवा रेंज गेली की तुमचा बंदचा कॉल पेटीपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही गावात बसून बंद केली म्हणता आणि मोटर मळ्यात चालू. बंद झाल्याचा उलट मेसेज आल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

घरात प्रेशर पंप असेल आणि कुणी नळ उघडलेला नसताना तो सारखा चालू-बंद होत असेल, तर कुठला तरी नळ टपकतोय किंवा एनआरव्ही पाणी मागे सोडतोय.

एका रात्रीचं नुकसान किती?

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटरची स्वतःची घट धरली की तासाला साधारण १ युनिट किंवा थोडं जास्त जातं. बिलाचं दुखणं त्यामानाने कमी आहे. मिनिटाला ४५ लिटरने तासाला २७०० लिटर, पाच तासांत १३ हजार ५०० लिटर. १० हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त पाणी एका रात्रीत गटारीत. उन्हाळ्यात तेवढं पाणी बोअरमध्ये नसतंच, मग मोटर कोरडी चालते. सबमर्सिबल मोटरला थंड ठेवतं ते तिच्या भोवतीचं पाणी. पाणी संपलं की बेअरिंग आणि वाईंडिंग दोन्ही जातात. म्हणून पॅनलमध्ये ड्राय रन कट असलेला बरा. पाणी संपलं की अँपिअर खाली येतात, ते ओळखून तो मोटर तोडतो.

आजच करून ठेवा

मोटर चांगली चालू असताना पेटीच्या दाराच्या आत मार्करने तीन गोष्टी लिहा: व्होल्टेज किती, अँपिअर किती, टाकी भरायला किती मिनिटं. उद्या बिघाड झाला तर हेच आकडे मिस्त्रींना सांगायचे. टाकी भरायला लागतो त्यापेक्षा दहा मिनिटं जास्तीचा टायमर लावा. फ्लोट फेल झाला तरी टायमर मोटर तोडेल.

टाकीतला कचरा, फ्लोटची जागा, कांड्यांचा क्षार, घरातली गळती, बादलीचा हिशोब, एवढं आपलं आपण करायचं. पेटीच्या आतलं काम, पॉइंट बदलणं, वायरी जोडणं, अर्थिंग हे वायरमनचं. मोटर वर काढायचा विषय सगळ्यात शेवटी.

मिस्त्री आले की त्यांना मोटर बिघडली असं सांगू नका. "लाल बटणाने थांबते, पण टाकी भरल्यावर थांबत नाही," असं सांगा. या एका वाक्यानं माझे ३ हजार वाचले असते.